अर्धा अर्धा डेसिबल

ऑफिसात सगळे तिला मीटरबाई म्हणायचे. तेही पाठीमागे नाही, अगदी तोंडावर. तिला त्यात वावगं काही वाटत नसे. उलट एखाद्या नवख्याने आडनावाने हाक मारली की ही दोन क्षण इकडेतिकडे बघायची, हाक आपल्यालाच आहे की दुसऱ्या कुणाला.

रंगाच्या दुकानाच्या वर तीन खोल्यांत तिचं ऑफिस होतं. पुस्तकं मोठ्याने वाचून घ्यायची आणि ऐकणाऱ्यांसाठी ती तयार करायची, हा तिथला धंदा. वाचणारे वेगळे, तयार करणारी ही. वाचणाऱ्याचा आवाज फाईलमधून यायचा. त्यातला खोकला काढायचा, खुर्चीची करकर काढायची, श्वास फार मोठा असेल तर तो दाबायचा आणि शेवटी सगळी प्रकरणं एका पातळीवर आणायची, म्हणजे ऐकणाऱ्याला दर प्रकरणाला उठून आवाज कमीजास्त करावा लागत नाही. ही पातळी मोजायला सॉफ्टवेअरमध्ये मीटर असतो. ठरलेल्या पट्ट्यात बसलं की हिरवा, नाही बसलं की लाल. बारा वर्षांत हिच्या हातून एकही लाल प्रकरण बाहेर गेलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती कुणालाही, न विचारता, सांगत असे.

स्वभावाने बाई अस्वस्थ. एका जागी बसून काम करायचं आणि एका जागी बसवायचं नाही, अशी पंचाईत. टेबलाखाली डावा पाय सतत हलता. कधी कधी त्या पायाने टेबल थरथरायचं, टेबलावरचा पेनांचा डबा वाजायचा आणि हीच हेडफोन काढून विचारायची, "हा आवाज कुठून येतोय?" घरीही तेच. फ्रिजची घरघर किंचित बदलली तरी हिला झोपेतून कळायचं. नवरा म्हणायचा, "आमच्या घरात शिंक आली तर आधी पातळी विचारून घ्यावी लागते." असा कान. एवढा कान असलेल्या बाईच्या हातून जे झालं, ते म्हणूनच सांगण्यासारखं आहे.

झालं ते फलाटकाकांच्या बाबतीत.

फलाटकाका म्हणजे बस स्थानकावर सव्वीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केलेले गृहस्थ. अमुक गाडी अमुक फलाटावर लागत आहे, हे सांगणारा आवाज अख्ख्या गावाच्या ओळखीचा आणि चेहरा कुणाच्याच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी करमेना. काकू सांगायच्या की हे गृहस्थ न्हाणीघरात जातानासुद्धा जाहीर करून जातात. शेवटी कुणीतरी त्यांना पुस्तकं वाचायच्या कामाला लावलं. पहिल्या दिवशी ते ऑफिसात येऊन नमुन्याचं एक मिनिट वाचून गेले, तेव्हा मीटरबाईने हातातला चहा तसाच खाली ठेवला होता. खालपासून वरपर्यंत भरलेला, स्वच्छ, कुठे खरखर नाही. असा आवाज कामाला मिळणं म्हणजे सुटीच.

मग त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली. बेचाळीस प्रकरणं. आवाज घुमू नये म्हणून काका घरातल्या कपड्यांच्या खोलीत बसून आठवड्याला एक प्रकरण रेकॉर्ड करायचे आणि फाईल पाठवायचे. पहिले काही आठवडे फाईल पाठवली की फोन यायचा आणि त्या प्रकरणातलं कुठलं पात्र कसं चुकलं यावर अर्धा तास व्याख्यान व्हायचं. पुढे फोन बंद झाले आणि नुसते मेसेज येऊ लागले. "पाठवलं." "मिळालं का?" मीटरबाईला वाटलं, चला, सुटलो. आपल्याला तसं वाटलं होतं ही गोष्ट नंतर तिला फार लागली.

आता तिच्या कामाची पद्धत जरा समजून घ्यायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे. नवीन प्रकरण उघडलं की सॉफ्टवेअर एक चौकट दाखवायचं. मागच्या प्रकरणाची सेटिंग लावू का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. वाचणारा तोच, खोली तीच, माइक तोच, मग 'नाही' कशाला म्हणायचं? ती न वाचताच 'हो' दाबायची. म्हणजे मागच्या आठवड्यात आवाज जितका उचलला होता, जिथे जिथे धार लावली होती, ते सगळं आधीच लागलेलं असायचं आणि तिच्या कानावर पडायचा तो सावरलेला आवाज. मग ती मीटर बघायची. अर्धा डेसिबल कमी पडतोय? अर्धा चढव. वरचा, बारीक सुरांचा भाग किंचित दबलाय? तीन हजार हर्ट्झपाशी थोडं उचल. दोन मिनिटांचं काम. केलं की डाव्या हाताला ठेवलेल्या वहीत तारीख, प्रकरण आणि एकूण किती उचललं ते लिहायचं, आणि तयार प्रकरण शनिवारी काकांनाही ऐकायला पाठवायचं. मूळ फाईल मात्र प्रकरण मंजूर झालं की पुसून टाकायची, कारण मालकांना डिस्क भरलेली खपत नसे. ठेवायचं ते फक्त पहिल्या दिवशीचं नमुन्याचं मिनिट, जुळवून बघण्यापुरतं.

आवाज कमी येतोय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण तिने खापर फोडलं ते खोलीवर. "काका, माइकच्या जवळ बसा," असा मेसेज केला. "जवळच बसतो," असं उत्तर आलं. मग वायर बदलायला लावली. मग कपाटाचं दार उघडं ठेवून बघा म्हणाली. मग माइकवरचं फोमचं टोपरं बदललं. सव्विसाव्या प्रकरणाला तर ऑफिसातला नवा माइक त्यांच्या घरी पाठवला. माइक, वायर, कपाट, पंखा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. माणसावर नाही घेतला. आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला आधी यंत्रच दिसतं, त्याला काय करणार?

एकतिसावं प्रकरण आलं त्या सकाळी मालकांनी सॉफ्टवेअर नवीन करून ठेवलं होतं. तिने फाईल उघडली. नेहमीची चौकट आली नाही. 'मागची सेटिंग सापडली नाही' एवढंच दाखवून आवाज सुरू झाला.

हेडफोनमध्ये कुणीतरी म्हातारा वाचत होता. घसा धरलेला. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज विरत जायचा आणि मागे नुसती हवा उरायची. एखादा शब्द मध्येच फाटायचा. मीटरबाईने दहा सेकंद ऐकलं आणि सरळ मेसेज टाकला, "काका, दुसऱ्याच कुणाची फाईल आली आहे."

लगेच उत्तर आलं. "माझीच आहे. काय झालं?"

तिचा हलणारा पाय थांबला.

तिने नमुन्याचं मिनिट काढलं आणि दोन्ही आवाजांचे आलेख एकाखाली एक लावले. या आलेखात डावीकडे खर्जातल्या लहरी असतात, उजवीकडे जाऊ तसतशा बारीक होत जातात, आणि निरोगी आवाजाचा आलेख फणीसारखा दिसतो, एकेक दात सुटा आणि सरळ. वरच्या आलेखात ती फणी होती. खालच्यात डावीकडचे चारदोन दात जेमतेम उभे होते आणि पुढे सगळा नुसता गुंता. सात महिन्यांचं अंतर दोन बोटांच्या जागेत तिच्यासमोर पडलं होतं.

मालक दारातून डोकावले. "मीटरबाई, एकतीस संध्याकाळपर्यंत द्यायचंय. झालं का?"

"सेटिंग उडालीय."

"मग परत टाका की. जुन्या सेटिंगची फाईल आहे ना?"

होती. तिने ती शोधून लावली आणि पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. काका परत आले. भरदार, स्वच्छ, फलाटावरचे. मीटर हिरवा झाला. दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी बसलं आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिने सेटिंग काढली, म्हातारा आला. लावली, काका आले. काढली. लावली. असं आठदहा वेळा झाल्यावर तिला हेडफोन कानांवर सहन होईना.

मग तिने वही उघडली. पहिलं प्रकरण, तीन डेसिबल. नववं, साडेचार. चौदावं, साडेपाच. विसावं, सात. सव्विसावं, साडेनऊ. तिसावं, अकरा. तिच्याच अक्षरात, तिच्याच हिरव्या पेनाने. कुठल्याही एका ओळीत भिण्यासारखं काही नव्हतं. अर्धा अर्धा तर चढवला होता. अर्ध्या डेसिबलने कुणाला काय कळतं?

"मी बाहेर जातेय," ती मालकांना म्हणाली.

"आणि एकतीस?"

"एकतीस राहू दे."

बारा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मालक 'बरं' म्हणून बाजूला झाले.

लॅपटॉप आणि वही पिशवीत टाकून ती निघाली. दोन बस बदलाव्या लागत होत्या, पण दुसऱ्या बसची वाट बघणं तिला जमेना, म्हणून उरलेलं अंतर ती चालतच गेली. चाललीही कसली, निम्मी धावलीच. वाटेत मनातल्या मनात तिने काकांना सांगायची चार वाक्यं तयार केली. काकूंनी दार उघडलं आणि चारही विसरली.

"अगं, तू कशी काय? ये ना, ये. घाम किती आलाय तुला."

"काकू, काकांचा आवाज कधीपासून बसलाय?"

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "ऐका. मी एकटीच नाही म्हणत आता." पुन्हा हिच्याकडे वळल्या. "पाच महिने झाले बाई मला बोंबलून. डॉक्टरकडे चला म्हटलं की हे फोन काढतात आणि तू पाठवलेलं प्रकरण लावतात. म्हणतात, ऐक, कुठे बसलाय आवाज? तुझेच कान गेलेत. मीसुद्धा ऐकायची आणि गप्प व्हायची. फोनमध्ये तर चांगलाच वाटायचा गं. मला वाटायला लागलं, खरंच माझेच कान गेले."

मीटरबाईने पिशवीतून वही काढली.

काका आतून आले. गळ्याभोवती पातळ मफलर. "काय गडबड आहे?" म्हणाले. तो हेडफोनमधला म्हातारा समोर उभा राहून बोलला, तसं झालं. "हिचं ऐकू नकोस तू. थंडी बाधलीय. हे बघ." आणि खरंच त्यांनी फोन काढला, तिसावं प्रकरण लावलं आणि तिच्यासमोर धरलं. फोनमधून खणखणीत आवाज यायला लागला. काका अभिमानाने मान हलवत होते.

"बंद करा, काका."

"का? ऐक की."

"तो तुमचा आवाज नाही. तो मी केलाय."

काकांनी फोन बंद केला नाही. आवाज तसाच चालू राहिला आणि तिला त्याच्यावर बोलावं लागलं. तिने वही उघडून दाखवली, आकडे दाखवले, कुठे काय चढवलं ते सांगितलं. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे सात महिने तू मला रंग लावत होतीस," ते म्हणाले.

"मला वाटलं माइक बिघडलाय."

"माइक." ते खुर्चीत बसले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, म्हणजे उरलेल्या आवाजात म्हणाले, "तुला कशाला बोलू? घशात टोचतंय हे मला ठाऊक होतं. गिळताना कळायचं. भीती वाटायची. मग शनिवारी तुझं प्रकरण यायचं, ऐकलं की वाटायचं, आहे की आपला आवाज. जाईल कुठे? मला तेच ऐकायचं होतं, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं घशाच्या डॉक्टरांकडे गेली. बाहेरच्या बाकावर मीटरबाई बसली, उठली, पाण्याच्या नळापर्यंत गेली, परत आली, पुन्हा उठली. काकू म्हणाल्या, "एक तर तू बस, नाही तर मला तरी उठू दे. बाक हलतोय." मग तिघं आत गेली. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला आणि विचारलं, "त्रास कधीपासून?"

"आठ-दहा दिवस," काका म्हणाले.

"पाच महिने," काकू म्हणाल्या.

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघू लागल्या. अशा नवराबायकोंची त्यांना सवय असावी. मीटरबाईने वही पुढे सरकवली आणि हे आकडे काय आहेत ते सांगितलं. डॉक्टरांनी सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, नवव्या प्रकरणाच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथून. आणि विसाव्यापासून वेगाने. पेशंटच्या आवाजाची एवढी नीट नोंद माझ्याकडे आजवर कुणी आणली नव्हती."

कौतुकच होतं ते. तिला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डाव्या स्वरतंतूवर गाठ होती. तुकडा काढून तपासायला दिला. निकाल यायला सहा दिवस लागले आणि त्या सहा दिवसांत मीटरबाईने ऑफिसात एकही प्रकरण धड केलं नाही. जेवताना उठायची, बोलता बोलता थांबायची. नवरा फ्रिजविषयी काही बोलला तर म्हणायची, "वाजू दे त्याला." निकाल आला तो वाईटच आला. गाठ कर्करोगाची होती. पण अजून एकाच तंतूवर आहे, डॉक्टर म्हणाल्या, बाहेर पसरलेली नाही, काढता येईल, माणसाला धोका नाही. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. येईल तो घोगरा येईल, आणि किती येईल ते नंतर कळेल.

काका-काकू बाहेर गेल्यावर ती आत मागे राहिली. "नवव्या प्रकरणाला आले असते तर?"

डॉक्टरांनी टाळाटाळ केली नाही. "कमी कापावं लागलं असतं."

शस्त्रक्रिया नीट झाली. त्यानंतर दहा दिवस काकांनी एक अक्षर बोलायचं नव्हतं. ज्याने आयुष्यभर गाड्या जाहीर केल्या त्याच्या हातात पाटी आली. मीटरबाई रोज ऑफिसातून परस्पर तिकडे जायची, दहा मिनिटं खोलीत फेऱ्या मारायची आणि निघून यायची. चौथ्या दिवशी काकांनी पाटीवर लिहिलं, 'बस.' ती बसली. त्यांनी पुसून पुढे लिहिलं, 'एकतीस ऐकव. तुझं नको. माझं.'

"कशाला, काका?"

त्यांनी 'माझं' या शब्दाखाली रेघ ओढली.

तिने लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या कानांवर स्वतःचे हेडफोन चढवले. एकतीस अजून दिलेलं नव्हतं, म्हणून मूळ फाईल शिल्लक होती. काका डोळे मिटून ऐकत होते. अठरा मिनिटांचं प्रकरण. मध्ये एकदा त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. ती समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि आलेखाकडे बघायचं टाळत होती. प्रकरण संपलं. काकांनी हेडफोन काढले, पाटी घेतली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

'ह्या माणसाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठव.'

काकू खांद्यावरून वाचत होत्या. त्या आधी हसल्या आणि मग तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. काकाही हसत होते, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मीटरबाईला हसता आलं नाही. ती म्हणाली, "काका, मी दर आठवड्याला ऐकत होते तुम्हाला. आणि एकदाही ऐकलं नाही. माझं चुकलं." त्यांनी तळव्याने पाटी पुसली आणि लिहिलं, 'दोघांचं.' मग कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'बत्तीस मीच वाचणार.'

मालकांनी दुसरा वाचक बघू म्हणून दोनतीनदा सुचवलं. ती म्हणाली, काका बरे होईपर्यंत पुस्तक थांबेल, आणि पुन्हा विषय निघू दिला नाही. महिने गेले. एका शनिवारी सकाळी फाईल आली. सोबत मेसेज होता, 'पाठवलं.'

तिने फाईल उघडली. चौकट आली. मागच्या प्रकरणाची सेटिंग लावू का? तिने या वेळी ती पूर्ण वाचली आणि 'नाही' दाबलं.

आवाज घोगरा होता. खाली जाड, वर जवळजवळ काहीच नाही. 'प्रकरण बत्तिसावं' म्हणताना तो एकदा घसरला आणि पुन्हा उभा राहिला. मीटर लाल झाला. बाहेर मालकांच्या चपला वाजल्या, दाराशी थांबल्या, पुढे गेल्या. टेबलाखाली पाय हलत होता, डब्यातले पेन वाजत होते. तिने फाईल थांबवली, वहीत तारीख घातली आणि आकड्याची जागा मोकळी सोडून काकांना फोन लावला.

"हॅलो," काका म्हणाले. "मिळालं का?"

"मिळालं."

"मग? कसं आहे?"

"ते नंतर सांगते. काका, तुम्ही जरा बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला. मी ऐकतेय."